माईंचा आयताकृती पलंग

माणसाचं मूल हे सस्तन प्राण्यांतलं बहुधा सर्वांत असहाय पिल्लू आहे. हरणाचं पाडस जन्मल्यावर थोड्याच वेळात उभं राहतं आणि चालू लागतं. माणसाच्या बाळाला स्वतःची मान सावरायलाच काही महिने लागतात. या काळात त्याला दूध, ऊब, झोप आणि छुपी प्रकाशयोजना या चार गोष्टी लागतात. पहिल्या तीन निसर्ग पुरवतो. चौथीसाठी डिझायनर नेमावा लागतो.

माझ्या धाकट्या भावाने तो वेळेवर नेमला, याबद्दल त्याचं कौतुक केलं पाहिजे. त्याने आणि वहिनीने तिसऱ्या मजल्यावर एक जुना फ्लॅट घेतला होता आणि तो पार खरवडून नवा करून घेतला होता. फरशा, नळ, वायरिंग, खिडक्या, सगळं. राडारोड्याचं शेवटचं पोतं जिन्याने खाली गेलं तेव्हा वहिनीला पाचवा महिना लागला होता. आता फक्त सजावट राहिली होती. ('फक्त' हा शब्द भावाचा.)

सजावटीबाबत वहिनीची अट एकच होती. दोनपैकी लहान खोलीत बाळ आणि माई राहतील. माई म्हणजे वहिनीची आई. जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून निवृत्त झालेल्या, आणि बसने चार तासांवरच्या गावी एकट्या राहणाऱ्या.

"भिंती काळ्या रंगवा हवं तर," वहिनी म्हणाली, "मी काही बोलणार नाही. पण पहिले सहा महिने मला आई जवळ हवी."

माईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. जमिनीवर बसल्या तर उठवायला माणूस लागतो. म्हणजे गरज होती ती एका पलंगाची, सहा फूट बाय तीन फूट. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे ज्या प्रश्नात आकडा असतो तो आमच्या घरात माझ्याकडे येतो. खोली अकरा बाय दहाची होती. मी हिशेब केला. पलंग बसत होता, पाळणा बसत होता, मधून एक माणूस चालू शकत होता. प्रश्न संपला असं मला वाटलं. माझं शिक्षण एकांगी झालं आहे.

डिझायनर आला. घरात कोणी आजारी असावं तसा तो हळू बोलायचा. आल्या आल्या त्याने सांगितलं, "एक स्पष्ट करतो. तुम्ही दोघं माझे क्लायंट नाही."

भाऊ दचकला. आगाऊ रक्कम त्यानेच दिली होती.

"बाळ हाच माझा क्लायंट," डिझायनर म्हणाला, आणि वहिनीच्या पोटाकडे पाहून अदबीने हसला.

यानंतर कामाची जी पद्धत ठरली, तिचा अभ्यास व्हायला हवा असं मला प्रामाणिकपणे वाटतं. प्रत्येक प्रस्ताव थेट क्लायंटपुढे मांडला जाई. डिझायनर रंगाची पट्टी किंवा कापडाचा तुकडा पोटासमोर धरी आणि मृदू आवाजात माहिती देई. क्लायंटने लाथ मारली की प्रस्ताव मंजूर. पहिल्या दोन बैठकांत अकरा प्रस्ताव मांडले गेले. नऊ तत्काळ मंजूर झाले. उरलेले दोन वहिनीचं जेवण झाल्यावर पुन्हा मांडण्यात आले, तेव्हा तेही मंजूर झाले. इतक्या कमी कटकटीत निर्णय घेणारा क्लायंट आपल्या कारकिर्दीत आपण पाहिला नाही, असं डिझायनर म्हणाला.

स्वतः वहिनीला अर्थातच मत नव्हतं. ती क्लायंटचा सध्याचा पत्ता होती.

मंजूर झालेल्या गोष्टींपैकी काही इथे नोंदवते. खोलीच्या दाराची मूठ जमिनीपासून दीड फुटावर बसवण्यात आली, म्हणजे बाळाला कोणावर अवलंबून राहावं लागू नये. दिव्याची बटणं त्याच उंचीवर. (बाळ उभं राहीपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, मोठ्यांनी खोलीत वाकून शिरावं. हा तोटा नसून लहानांविषयीचा आदर आहे.) नवजात बाळाला किती अंतरावरचं नीट दिसतं, असं मला विचारण्यात आलं. मी म्हटलं, फूटभर. डिझायनरने डोळे मिटून हे आत घेतलं आणि त्यातून असा निष्कर्ष काढला की फूटभराच्या पलीकडे जे काही आहे ते बाळासाठी नसून खोलीच्या छायाचित्रासाठी आहे, सबब तिथे तडजोड करता येणार नाही.

मग कोपऱ्यांचा विषय निघाला.

कोपरा लहान मुलांना लागतो हे खरं आहे. टेबलाचा लागतो, कपाटाचा लागतो. पण डिझायनर अर्धवट काम करणारा माणूस नव्हता. त्याने खोलीचे चारही कोपरे काढायचं ठरवलं. मी म्हटलं, भिंतींच्या आतल्या कोपऱ्यावर डोकं आपटायचं झालं तर डोकं फारच टोकदार असावं लागेल. "पुढे काय होईल ते कोणी सांगावं, ताई," असं उत्तर मिळालं. क्लायंटने लाथ मारली. सुताराने प्लायवूड वाकवून चारही भिंतींच्या आतून एक सलग वळणारी भिंत उभी केली. खोली लंबवर्तुळाकार झाली. फार सुंदर दिसत होती. आत उभं राहिलं की आपण एखाद्या महागड्या साबणाच्या डबीत आहोत असं वाटायचं.

माईंचा पलंग मात्र आयताकृती होता. हा त्याचा मूळ दोष. तो कुठेही ठेवला तरी त्याचे दोन कोपरे भिंतीत घुसायचे, आणि मध्यभागी ठेवला तर दारातून पाळण्याकडे जाणारी नजर अडायची. नजर अडणं हे आजच्या गृहसजावटीत भिंत गळण्यापेक्षा वाईट समजतात.

पलंग एकदम रद्द झाला असं कोणी म्हणू नये. त्याचा टप्प्याटप्प्याने विचार झाला. दुसऱ्या आराखड्यात तो भिंतीत मिटणारा पलंग झाला, पण वळलेल्या भिंतीत सरळ पलंग मिटेना. तिसऱ्या आराखड्यात त्याचा दोन फूट रुंदीचा सोफा झाला, रात्रभर एकाच कुशीवर झोपणाऱ्यांसाठी. चौथ्यात एक मोठी गोल उशी आली. पाचव्या आणि अंतिम आराखड्यात माई तुटक रेषेने दाखवल्या होत्या. तुटक रेषा म्हणजे काय, असं मी विचारलं. "भविष्यात करता येण्यासारखी सोय," डिझायनर म्हणाला.

"अगं, माई ॲडजस्ट करतील," भाऊ म्हणाला. माझा भाऊ स्वभावाने चांगला आहे. दुसऱ्याच्या समजूतदारपणावर त्याचा गाढ विश्वास आहे.

"मग तू कर ना ॲडजस्ट," वहिनी म्हणाली. "तू झोप त्या उशीवर."

"मला सकाळी ऑफिस असतं."

वहिनीने वाद घातला नाही. या घरात निर्णय कसे होतात हे तिला कळलं होतं, आणि क्लायंटच्या सवयी तिच्याइतक्या कोणालाच माहीत नव्हत्या. पुढच्या बैठकीच्या आधी तिने पेलाभर गार, गोड दूध घेतलं, डाव्या कुशीवर पडून राहिली, आणि मग येऊन ताठ बसली.

"आता पलंगाचं विचारा," ती म्हणाली. "आजीचा पलंग खोलीत असावा का?"

डिझायनरने नाइलाजाने विचारलं. लाथ अशी बसली की पोटावर ठेवलेली रंगाची पट्टी खाली पडली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

"बघा! हो म्हणालं!" वहिनी अक्षरशः ओरडली.

डिझायनरने पट्टी उचलली, पुसली, आणि गंभीरपणे मान हलवली. "नाही, मॅडम. हा विरोध आहे."

"आतापर्यंत लाथ म्हणजे होकार होता!"

"आतापर्यंतच्या लाथांत आनंद होता. ही लाथ म्हणजे लाथ आहे."

उपकरण तेच, नोंद तीच, आणि निष्कर्ष उलटा. आमच्या प्रयोगशाळेत असं झालं तर आम्ही तपासनीस बदलतो. इथे तो आगाऊ रक्कम घेऊन बसला होता.

सातव्या महिन्यात माई एका दिवसासाठी घर बघायला आल्या. दाराची मूठ शोधायला त्यांना जरा वेळ लागला.

"एवढी खाली कुणासाठी?"

"बाळासाठी, माई," भाऊ कौतुकाने म्हणाला.

"बरं. ते रांगत येऊन दार उघडणार. आणि मग जाणार कुठं, कामावर?"

त्या आत गेल्या. भिंतीवरून हात फिरवत त्यांनी खोलीची एक फेरी पूर्ण केली आणि पुन्हा दाराशी आल्या. छान आहे म्हणाल्या. मग सहज म्हणाल्या, "मला काय गं, एखादा कोपरा दिलात तरी पुरे."

सुतार खालची पट्टी घासत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "तेच तर काढलेत ना, माई."

माई हसल्या. दमल्या होत्या, म्हणून गोल उशीवर टेकल्या. उशी त्यांना घेऊन खाली गेली. मी एका बाजूने आणि वहिनीने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना उठवलं. वहिनीने खरं तर वजन उचलायचं नव्हतं.

"एवढं काय त्यात," माई पदर नीट करत म्हणाल्या. "मी आपली येऊन-जाऊन करीन."

जायला चार तास, यायला चार तास. "बघ, माईंनीच मार्ग काढला," भाऊ म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण खरोखर उतरला. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. तो बराच वेळ वाहत होता. पाणी वाया घालवणारी बाई ती नाही.

यथावकाश क्लायंटचा पत्ता बदलला. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिची खोली पूर्ण तयार होती, परंतु छायाचित्रकाराची वेळ मिळायची होती. तोवर खोली बाळविरहित ठेवावी अशी डिझायनरची विनंती होती, आणि ती अवास्तव नव्हती. बाळांना डाग पाडायची सवय असते. तेव्हा मुलगी मोठ्या खोलीत आईबाबांच्या मध्ये झोपू लागली. म्हणजे झोपत नव्हती, तिथे रडत होती. आठवड्याने भावाची रजा संपली.

त्या सुमारास एकदा मी कामावरून परस्पर त्यांच्याकडे गेले. घर शांत आणि निर्मळ होतं. वहिनी कुठे दिसेना. शेवटी मागच्या बाल्कनीत सापडली, जमिनीवर, वॉशिंग मशीनला पाठ टेकून बाळाला पाजत बसलेली. घरातल्या एकाही आसनाला पाठ नव्हती. पाठीमुळे नजर अडते. मशीन चालू होतं, त्यामुळे पाठीला ऊबही मिळत होती. केस विंचरलेले नव्हते. सकाळपासून काही खाल्लंस का, असं विचारलं, तर तिला आठवेना.

"बसा ना, ताई," ती म्हणाली, आणि मग इकडेतिकडे बघून तिचं तिलाच हसू आलं. हसता हसता रडली. बाळ दूध पीत राहिलं.

"ताई, एक हिशेब करून द्या," ती थोड्या वेळाने म्हणाली. "स्वयंपाकघर सोडलं तर आईकडे एकच खोली आहे. त्यात तिचा पलंग. त्यावर ती, मी आणि ही. मावू का?"

मी विचारलं, पलंग भिंतीला टेकवता येतो का. ती म्हणाली, येतो. मी म्हटलं, मग मावाल.

त्या रविवारी ती गेली. मी बसपर्यंत सोडायला गेले. भाऊ पिशव्या घेऊन बरोबर होता. एवढा एकच प्रश्न त्याने विचारला, "मग घराचं काय?"

घराचं उत्तम चाललं आहे. वापर शून्य असल्यामुळे डाग शून्य, ओरखडे शून्य, तक्रारी शून्य. छायाचित्रकारालाही अखेर वेळ मिळाला. फोटोत पाळण्यात जे बाळ आहे ते डिझायनरच्या शेजाऱ्यांचं. फोटोखाली लिहिलं आहे, 'आजीच्या मायेची ऊब जपणारी खोली'. तो हजारो लोकांना आवडला. भाऊ शनिवारी माईंकडे जातो, स्वयंपाकघरात सतरंजीवर झोपतो आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत येतो. मुलीने मान धरली तेव्हा तो तिथे नव्हता. माई होत्या. सहा महिने कधीच होऊन गेले. वहिनी परत यायचा विषय काढत नाही, आणि माईही काढत नाहीत.

ही हकिकत मी अनेकांना सांगितली आहे. सगळे हळहळतात. डिझायनरला नावं ठेवतात, माझ्या भावाला तर जास्तच. तुम्हीही आत्ता तेच करत असाल, आणि करावं. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या घरात एक जादा खोली आहे आणि तिचे चारही कोपरे शाबूत आहेत. एका कोपऱ्यात व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर टॉवेल फार छान वाळतात. दुसऱ्यात टीव्हीचं रिकामं खोकं आहे, ते कधी लागेल सांगता येत नाही. दर आठवड्याला तुम्ही आईला फोनवर मनापासून म्हणता, "कधीही ये गं, घर तुझंच आहे." ती म्हणते, येईन की, पण इथल्या कुंड्यांना पाणी कोण घालणार?

आणि तुम्ही, शिकलेसवरलेले माणूस, त्या तीन कुंड्यांवर इतकी वर्षं विश्वास ठेवून आहात.