खाडी हिरवी आहे

जी वस्तू दुरून मोजता येते, तिच्याजवळ जाऊन पाहणं म्हणजे मोजमापाचा अपमान होय. याच तत्त्वावर बर्फमापन केंद्र उभं आहे. तिथले मुख्य मापक, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, गोठलेल्या खाडीची जाडी गेली वीस वर्षं थेट उपग्रहाकडून मागवतात. खाडी त्यांच्या खिडकीतून दिसते. (म्हणून खिडकीला पडदा लावला आहे.)

पद्धत सोपी आहे. बर्फ पाण्याच्या किती वर आलाय, हे उपग्रह सांगतो. त्याच्या साधारण दहापट जाडी धरायची. त्याआधी वर साचलेलं भुसभुशीत हिम तेवढं वजा करायचं, कारण ते कुणाचंच ओझं पेलत नाही. आता हे हिम किती, ते उपग्रहाला नीट कळत नाही. म्हणून तीस वर्षांपूर्वीची सरासरी घेतात. ती वीतभर आहे, आणि हिमानं ती पाळावी अशी अपेक्षा असते.

यंदा हिमानं ती पाळली नाही. अण्णांनी सकाळी दारातलं गुडघाभर हिम फावड्यानं उपसलं, कंबर धरली, पट्टा बांधून ऑफिस गाठलं आणि नियमाप्रमाणे वीतभर वजा केलं. उरलेलं हिम आपोआप बर्फ ठरलं. खाडी विक्रमी जाड निघाली, नकाशा हिरवागार झाला, साहेबांनी अण्णांची पाठ थोपटली (नेमकी दुखरी बाजू) आणि खाडीवरचा रस्ता गाड्यांना खुला झाला.

तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, निघालोय आम्ही. छोटी मागे झोपलीये. बर्फावरूनच येतो, तासाभरात पोचू."

"नको गं. पुलावरून ये."

"अहो, तीन तास जातील! नकाशा हिरवा आहे की."

"असू दे."

"बाबा, नकाशा तुम्हीच केलाय ना?"

"म्हणूनच सांगतोय. पुलावरून ये!"

ती कुरकुरत का होईना, तयार झाली. अण्णांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी पडदा सारला. खाडीवर गाड्यांची लांबलचक रांग होती. त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी लगेच नकाशादुरुस्तीसाठी समितीची तातडीची बैठक बोलावली. सदस्यांना यायला थोडा उशीर होतोय, कारण सगळे पुलावरून येताहेत.

रांग मात्र छान शिस्तीत पुढे सरकतेय. तुम्ही कुठवर पोचलात? फोनमध्ये बघा ना. तुमच्या गाडीखाली हिरवंच दिसेल.