उपरण्याखालचं शिवार

चवथीच्या आदल्या दुपारी गणपती आणायला म्हणून निघालेल्या विनिताच्या मांडीवर कॉम्प्युटरचा डबा येऊन बसायची वेळ आली, आणि तिचा नवरा साईश वर म्हणतो, "वाटेतच तर होतो!" वाटेत कसला? गणपती घडवतात त्या चित्रशाळेला जायचं तर कोरगावातून स्कूटर डावीकडे वळवायची. याने ती सरळ हरमलला नेली.

डबा हरमलला गेलाच कसा, तेही ऐका. कोरगावच्या त्यांच्या घरात नेट येतं ते विहिरीच्या कठड्यापाशी, तेही त्याच्या मनात आलं तर. साईशने आपल्या शेतीच्या गेमचं नवं एक्सपान्शन विकत घेतलं, आणि घरच्या नेटवर ते उतरवायचं म्हटलं असतं तर पुढची चवथ उजाडली असती. म्हणून त्याने डबा उचलून बाबली नावाच्या मित्राच्या गेस्टहाऊसवर नेऊन ठेवला. पावसाळ्यात तिथे गोरं माणूस औषधालाही नसतं. सगळं वायफाय मोकळं. आज बाबली कुलूप लावून चवथीसाठी पाळी गावाला आपल्या घरी निघाला होता. डबा आज आणला नाही तर सण उरकेपर्यंत तिथेच अडकला असता.

"खेळ होतो मा तुझ्याकडे? मगे आणखी काय ईकत घेतलंस?" विनिताने विचारलं.

"खेळ नाय गो, एक्सपान्शन. मूळ खेळातली जमीन सगळी नांगरून संपली. ह्याच्यात नवा शिवार आसा, धरण आसा, कालव्याचा पाणी आसा! बाकीची एक्सपान्शना म्हणजे नुसते टोपये आणि कपडे. ह्या एक घेण्यासारख्या."

"आणि परसातलो दोडक्याचो मांडव पडलो, तो कोण उभो करतलो?"

"तां बाबांचा काम." साईशने विषय झटकला. "गंमत म्हणजे त्या खेळात एक बग आसा. सकाळी मी एक शेत नांगरून ऑफिसात जातंय, सांजे बघतंय तर तीन नांगरलेली! भात कापून कोठारात!"

"असो बग माझ्या रांधपाक लागलो तर बरा होयत," विनिता म्हणाली.

तिला वैताग यायचं खरं कारण वेगळंच होतं. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर सासूबाईंनी, म्हणजे चंद्रावतीबाईंनी, यंदा पहिल्यांदाच गणपतीचा पाट आणि कोरं उपरणं तिच्या हाती दिलं होतं. "औंदा देव तुझ्या हातान येवंदे," असं त्या वाळपईहून आलेल्या पद्मावती मावशींसमोर म्हणाल्या होत्या. आणि मावशी म्हणजे डिचोलीच्या या सुनेने कुठे चुकावं याची वाट बघत बसलेल्या. आज काही इकडचं तिकडं झालं असतं, तर पुढची दहा वर्षं ते प्रत्येक चवथीला निघालं असतं.

बाबलीच्या दारातच भुरभुर सुरू झाली. त्याने प्लास्टिक पुढे केलं. "प्लास्टिकात डबो घामेजता," असं म्हणून साईशने विनिताच्या पिशवीतलं उपरणंच ओढून काढलं.

"अरे, तां गणपतीचा!"

"गणपती बुद्धीची देवता. डब्यात बुद्धीच आसा मा?"

पायापाशी गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीची फळं नि नारळ भरलेले होते. म्हणून डबा पाटावर ठेवला, वर उपरणं गुंडाळलं आणि पाट विनिताच्या मांडीवर दिला. "आदी हो डबो मागच्या दारान खोलयेत ठेवया. मगे येवन गणपती नेवया. कोणाक कळूचाच नाय," साईशने बेत सांगितला.

पाट, त्यावर उपरण्याने झाकलेलं काही तरी, आणि ते मांडीवर सांभाळत स्कूटरवर मागे बसलेली बाई. चवथीच्या आदल्या दिवशी पेडणे तालुक्यात याचा एकच अर्थ होतो. पहिल्याच वळणावर माटोळीचं सामान विकणारी बाई उठून उभी राहिली आणि तिने हात जोडले. मग कदंबच्या ड्रायव्हरने बस बाजूला घेऊन वाट दिली. बसमधून आरोळी आली, "गणपती बाप्पा!"

"मोरया!" साईश ओरडला.

विनिताने त्याला चिमटा काढला. "तू कशाक वराडतंस?"

"नाय वराडलो तर संशय येतलो."

इतक्यात मागून शेजारच्या गोकुळदासांची गाडी आली. त्यांनी काच खाली केली. "अरे, देवाक घेवन असे स्कूटरीर? मी फुडे ऱ्हवतंय, रस्तो मोकळो करतंय. तुमी सावकाश येवा!" साईश "नको, नको" म्हणेपर्यंत गाडी पुढे गेलीसुद्धा. हॉर्न वाजवत, दिवे लावून त्यांनी या दोघांना थेट पुढच्या अंगणात नेलं, आणि वाटेत घरी फोनही करून ठेवला. मागच्या दाराचा बेत तिथेच संपला.

दारात सगळं घर उभं होतं. चंद्रावतीबाईंच्या हातात ओवाळायचं तबक, पद्मावती मावशींकडे पाण्याची बाल्दी, मागे सासरे कृष्णनाथ. शेती ऑफिसातून निवृत्त झालेले हे गंभीर गृहस्थ दुपारी जेवून साईशच्या खोलीचं दार लावून नामस्मरणाला बसायचे, कारण तिथला पंखा बरा.

"आई, ऐका..." विनिताने तोंड उघडलं. सासूबाईंनी लगेच ओठांवर बोट ठेवलं. देव आसनावर बसेपर्यंत आणणाऱ्याने बोलायचं नाही, ही घराची रीत. म्हणजे खरं सांगायची सोयही राहिली नाही.

मावशींनी पायांवर पाणी ओतलं आणि ओंजळभर पाटाकडे उडवलं.

"पाणी नको!" साईश किंचाळला.

"पाण्याक भियाणारो गणपती मी पयल्यांदाच बघतंय," मावशी म्हणाल्या.

ओवाळून झालं, नारळ फुटला, आणि माटोळीखालच्या चौरंगावर पाट जाऊन बसला. उपरण्याखालून एक काळी वायर लोंबत होती. मावशींनी ती बोटाने हलवून पाहिली. "हल्ली चित्रशाळेत लायटींगसकट देतत?" विनिताला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

तेवढ्यात चंद्रावतीबाईंचा फोन वाजला. चित्रशाळेचे बाबुराव होते. पलीकडचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. "अहो वहिनी, गणपती कधी नेतलात? माका शाळा बंद करूची आसा."

"आमचो गणपती इलो, बाबुराव. आत्ताच बसयलो."

"बसयलो? मगे हय माझ्यासमोर बसलो हा तो कोणाचो?"

सगळ्यांनी चौरंगाकडे पाहिलं, मग विनिताकडे. तीन वर्षांत मिळवलेलं नाव एका दुपारीत गेलं, आणि तेही दुसऱ्याच्या धरणापायी! तिला रडू यायला लागलं.

कृष्णनाथ पुढे झाले. खाली वाकून त्यांनी उपरण्याचं टोक उचललं, डबा कुठे भिजला नाही ना हे तळहाताने चाचपलं, आणि हळूच साईशला विचारलं, "पुरा उतारला मा रे? धरणासकट?"

साईश बघतच राहिला. "म्हणजे... तो बग..."

"बग कसलो? तुझा भात किडीन खाल्ला असता. वेळेर फवारलंय म्हणान वाचला!" शेती ऑफिसातला जुना आवाज लागला. "आणि ह्या एक्सपान्शन घेतलंस तां बरा केलंस. कालव्याशिवाय थय दुसरा पीक येणाच नाय."

"आणि दुपारचा नामस्मरण?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

कृष्णनाथांनी घाईने चपला घातल्या. "गोकुळदास, गाडी काढ. देव वाट बघता."

चंद्रावतीबाई आत जाऊन दुसरं कोरं उपरणं घेऊन आल्या. ते आणि रिकामा पाट त्यांनी विनिताच्या हातात दिला. पद्मावती मावशी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "तू गप, पद्मे. जा गो विनिता, देव तूच घेवन ये. आणि ह्या दोघांका वाटेत खंयच उतराक देऊ नको."

गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच पुढच्या सीटवरून कृष्णनाथ मागे वळले. "साईश, त्या धरणाक लाकूड किती लागता रे?"

"बाबा," विनिता म्हणाली, "आदी गणपती. मगे दोडक्याचो मांडव. मगे धरण."

"बरा," कृष्णनाथ म्हणाले, आणि चित्रशाळा येईपर्यंत बापलेक समोरच्या रस्त्याकडे बघत गुमान बसून राहिले.