एक थेंबही नाही

इत्तो माहेरी निघून गेली तेव्हा दारात उभं राहून तिनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "खालच्यांच्या ताटात आपलं आंघोळीचं पाणी पडतंय! लाज वाटते मला. न्हाणीतून एक थेंबही खाली गळणार नाही, त्या दिवशी परत येईन."

तिचा नवरा अल्लाल म्हणजे मराकेशातला तदेलाक्तचा, पाणी झिरपू न देणाऱ्या चुन्याच्या लेपाचा, नामांकित कारागीर. चुना लिंपायचा, नदीतल्या गोट्यानं घोटायचा, काळा साबण चोळून आरशासारखा चमकवायचा. मोठमोठ्या हॉटेलांच्या न्हाण्या त्याच्या हातच्या. पाहुणे तिथं भिंतीवर गाल घासून फोटो काढायचे; भिंत कोणी घोटली हे एकानंही कधी विचारलं नाही. आणि अशा माणसाची बायको चुना गळतो म्हणून घर सोडून गेली!

खाली राहणारा बुश्ता नळकाम करणारा. वरच्या न्हाणीचा पाइप त्यानंच बसवलेला. "पाइप माझ्या हातचा आहे," तो छाती ठोकून सांगायचा, "गळतो तो तुझा चुना." पाइपाला हात लावू द्यायला तो तयार नव्हता.

मग अल्लालनं न्हाणीतला हौद पार उखडला. चुना आत पडू नये म्हणून हौदाच्या तळाशी असलेल्या मोरीच्या भोकात चिंधी कोंबली आणि कामाला लागला. चुना सुकायच्या आत घोटावा लागतो, मध्ये थांबता येत नाही. तो जेवला नाही, पाणी प्यायला नाही, रागारागानं घोटत राहिला. पुढं महिनाभर हौद कोरडा ठेवला आणि सासुरवाडीला निरोप धाडला.

शुक्रवारी इत्तो आली, सोबत तिची आई लल्ला तामू. इत्तोनं कपड्यांचं बोचकं दारातच ठेवलं, गाठ न सोडता. लल्ला तामू थेट खाली बुश्ताच्या घरात जाऊन छताकडे तोंड करून बसल्या.

बादल्यांवर बादल्या ओतल्या. हौद भरला.

"लल्ला, काय म्हणतंय छत?" अल्लालनं चौकात डोकावून विचारलं.

"कोरडं ठणठणीत!"

अल्लालनं मिशीवरून हात फिरवला. "बघितलंस? एक थेंबही नाही."

"बघतेय," इत्तो म्हणाली. "पण हौदातूनही जात नाहीये. पाणी आहे तिथंच आहे. अल्लाल, चिंधी काढली होतीस?"

अल्लालचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. दर वेळी हा प्रश्न इत्तो विचारायची. या वेळी विचारायला ती नव्हती.

हात घालून त्यानं अख्खा तळ चाचपला. भोक कुठं होतं त्याची खूणसुद्धा नाही, इतकं सुरेख काम!

"तुझी अट एक थेंब खाली जाऊ नये, एवढीच होती," त्यानं रेटून पाहिलं.

"मग काय, यात मासे पाळू?"

"छिन्नी मारायची तर कुठं मारू? सगळा हौद फुटेल!"

"संसारात कधी मोरी साफ केली असतीस तर कळलं असतं." इत्तोनं सलवार वर खोचली, पाण्यात उतरली आणि पायाचा अंगठा एका जागी टेकवला. "इथं. रोज इथूनच केस काढत आलेय मी."

एकच घाव. चिंधी वर आली, पाणी गुडगुडत निघालं. अल्लालनं सुटकेचा निःश्वास टाकला, तोच खालून किंकाळी आली.

बुश्ता जिना चढून आला. हातात कुस्कुसचं थाळं, त्यात भाज्या तरंगत होत्या.

"शुक्रवारचं जेवण माझं! बघ, बघ तुझा चुना!"

अल्लालनं दारातल्या बोचक्याकडे पाहिलं. तेवढ्यात मागून धापा टाकत लल्ला तामू आल्या. त्यांच्या डोक्यावरच्या रुमालातून पाणी ठिबकत होतं.

"गप रे मेल्या! हौद काठोकाठ भरला होता तेव्हा तुझं छत कोरडं होतं. याच डोळ्यांनी बघितलंय मी. पाणी तुझ्या पाइपात शिरलं आणि माझ्या डोक्यावर आलं!"

बुश्ता थाळ्यातल्या गाजराकडे बघत राहिला. इत्तोनं ओली चिंधी पिळली आणि त्याच्या हातात दिली.

"घ्या भाऊ. तुमच्या हातच्या पाइपाला गुंडाळा."

तो चिंधी घेऊन जिना उतरला. अल्लाल इतका खुश झाला, की फुटलेला चुना सांधायला लगेच गोटा घेऊन बसला.

"भोकात काही कोंबलंस?" इत्तोनं विचारलं.

"कोंबलं."

तिनं दारातलं बोचकं उचललं, आत आणलं आणि हौदाच्या काठाशी टाकून त्यावर ठाण मांडलं.

"मग मी आता हलत नाही."