आधी तुम्ही

या, अशा जवळ बसा. लांबूनच काय हसता? आमच्या दिगंबरभाऊंना सगळा लोधीपुरा मोहल्ला हसतो. तुम्ही निदान ऐकून तरी हसा.

हा माणूस कुठल्याच दारातून पहिला शिरत नाही. देऊळ असो, बँक असो, न्हाव्याचं दुकान असो, बाजूला होणार, हात लांबवणार, "आधी तुम्ही!"

कागद कारखान्यात होते, तिथे एका बौद्ध सोबत्याने यांना समजावलं. अर्हत म्हणजे बंधनातून सुटलेला. बोधिसत्त्व म्हणजे 'सगळे सुटू देत, मग मी' म्हणून थांबलेला. झालं! भाऊंनी थांबायचंच व्रत घेतलं.

मला म्हणायचे, "अक्का, तीर्थंकर दुसऱ्यांना पैलतीराची वाट करून देतात, पीरबाबा मजारीतूनही आपल्यासाठी दुवा मागतात, आपले संत मोक्ष नको, पुन्हा जन्म दे म्हणतात. खातं एकच, शिफ्ट वेगळी!"

खकनारच्या लग्नाला निघालो, तर बसच्या दारात हे सगळ्यांना चढवत उभे. कंडक्टर ओरडला, "चाचा, चढना है कि आरती उतारनी है?" आणि दिली घंटी. भाऊ मागून केळीच्या गाडीत बसून आले. तोवर पंगती उठल्या, जिलबी संपली. परातीतला पाक बोटाने चाटत म्हणतात, "बोधिसत्त्वाला एवढं पुष्कळ."

त्यांची बायको सुशीला मात्र खमकी. घराच्या दारात यांचा हात लांबला की म्हणायची, "सरा बाजूला, बोधिसत्त्व!" आणि तरातरा आत. मागून हे, हसत.

गेल्या थंडीत सुशीला गेली. तेरावं आटोपून लेक सासरी परतली, त्या संध्याकाळी मी ओट्यावर मेथी निवडत होते. समोर भाऊ कुलूप काढून आपल्याच दारात उभे. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा तसाच लांबवलेला. माझी जुडी निवडून झाली, तरी उभेच.

"भाऊ, आत का नाही जात?"

"जातो ना, अक्का. पण आधी कोण?"

मी चपला अडकवल्या, रस्ता ओलांडला. "सरा बाजूला, बोधिसत्त्व!" म्हटलं आणि शिरले आत. मागून भाऊ आले. दिवा लावला, आणि म्हणतात कसे, "चहात आलं चालेल ना?"

तेव्हापासून दिवेलागणीला गल्लीतलं कुणी ना कुणी त्यांच्या घरात आधी शिरतं. चहा झकास करतात हो!

तुम्हीही या एकदा, लवकर या. माझ्याकडे मागाहून, पहिलं समोरच्या घरी. आणि दारात घुटमळत बसू नका. सरळ आत शिरा, ते येतात मागून.