भागाबाईचा खायचा ताईत

मुलांनो, एका जंगलात भूक नव्हती. म्हणजे तशी होती, पण तिला भूक म्हणायला बंदी होती.

झालं होतं असं. उन्हाळ्यात वणवा लागला आणि गवत, कंद, फळं, सगळं जळून गेलं. प्रजेच्या पोटात खड्डा पडला. तेव्हा सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली, "आमच्या राज्यात कोणीही उपाशी नाही. काहींना ग्रहपीडा आहे. ती होईल बरी."

महाराजांचं कोठार मात्र नाचणीने, मोहाच्या फुलांनी आणि मधाने गच्च भरलेलं होतं. महाराज स्वतः त्यातला दाणाही खात नसत. पण राजा म्हटला की कोठार हवं, म्हणून होतं. त्याच्या राखणीला एक घूस नेमली होती. हसू नका. अनुभव बघूनच नेमणूक झाली होती.

याच जंगलात भागाबाई नावाची साळिंदरीण राहायची. टोच्या हा तिचा एकुलता एक मुलगा. वणव्यानंतर तो मलूल होत गेला. आधी खेळेना, मग बोलेना, आणि एके सकाळी उभाच राहीना. अंगावरचे काटेसुद्धा आडवे पडले.

भागाबाई कोठाराच्या दाराशी गेली.

"पसाभर नाचणी द्या हो. लेकरू भुकेलंय."

घुशीने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला, बाई! तो शब्द परत काढू नका. त्याच्यासाठी कोठार उघडायचा हुकूम नाही."

"मग कशासाठी आहे?"

"पूजेच्या सामानासाठी." घुशीने ओठाला लागलेला मध पुसला. "धनेशशास्त्र्यांना भेटा."

धनेशशास्त्री म्हणजे राजमांत्रिक. जातीचा धनेश पक्षी. आधी चोच यायची, मग मान, आणि बऱ्याच वेळाने शास्त्रीबुवा. चोचीवर एक उंचवटा होता, त्याला ते मुकुट म्हणत. पण शास्त्रीबुवा लबाड नव्हते हं. त्यांचा स्वतःच्या मंत्रांवर पूर्ण विश्वास होता. लबाड परवडतो, मुलांनो. त्याला निदान खरं काय ते माहीत असतं.

शास्त्रीबुवांनी टोच्याकडे एका डोळ्याने पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं.

"पीडा जबर आहे. ताईत द्यावा लागेल."

"गळ्यात बांधू की दंडात?"

"गळ्यात नाही, गळ्याखाली. हा खायचा ताईत आहे."

त्यांनी राखेचं रिंगण आखलं. धूप पेटवला. कोठारातून नाचणीचं पीठ आणि मोहाची फुलं मागवली, मधात मळून पळसाच्या पानावर चांगली जाडजूड वडी थापली. भागाबाईच्याच अंगचा एक काटा मागून घेतला, मधात बुडवला आणि वडीवर त्रिकोण काढून आत टोच्याचं नाव लिहिलं. मग पूर्वेला तोंड करून इतका लांबलचक मंत्र म्हटला, की भागाबाईला वाटलं, तेवढ्यात पोर जातंय.

एकदाचा ताईत टोच्याच्या तोंडात पडला.

थोड्या वेळाने टोच्याने डोळे उघडले. मग पान चाटलं. मग म्हणाला, "आई, अजून एक ताईत आहे?"

"पाहिलंत?" शास्त्रीबुवांनी चोच उंचावली. "मंत्र!"

बातमी पसरली आणि जंगल लोटलं. सगळ्यांनाच ग्रहपीडा होती. महाराजांनी पूजेसाठी कोठार खुलं केलं. ससे उठले, भेकरं उठली, म्हातारी अस्वलंसुद्धा काठी टेकत चालू लागली. महाराजांनी शास्त्रीबुवांच्या सत्कारासाठी दरबार भरवला आणि भागाबाईला बोलावलं. चमत्कार सांगायला.

भागाबाई सरळ मनाची. ती म्हणाली, "महाराज, चमत्कार कसला? पोर भुकेलं होतं. पोटात नाचणी गेली, उठून बसलं."



"म्हणजे आमच्या राज्यात कोणी उपाशी आहे, असं तुमचं म्हणणं?" महाराजांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

शास्त्रीबुवा रागावले नाहीत. त्यांना वाईट वाटलं. "महाराज, मंत्राचा अपमान झाला. उद्यापासून ताईतात पीठ नको, मध नको. नुसतं कोरडं पान, त्यावर कोळशाने नाव. मग कळेल, गुण कशाचा होता ते."

महाराजांना ही सूचना फार आवडली. खर्चही वाचणार होता. लगेच कोठाराला कुलूप लागलं. खरं बोलल्याचं फळ इतक्या झटपट क्वचितच मिळतं.

प्रजा कोरडी पानं चावू लागली. भेकरं बसली. ससे आडवे झाले. आणि सगळे भागाबाईच्या नावाने बोटं मोडू लागले.

"चांगला ताईत मिळत होता," शेजारची सशीण तिला म्हणाली. "तुला कुणी सांगितलं होतं गं खरं बोलायला?"

टोच्याचे काटे पुन्हा आडवे पडले होते. ती त्याच्याजवळ बसून राहिली. त्याचा श्वास मोजावा लागत होता. कधी नव्हे ती देवावर रागावली, मग महाराजांवर, आणि शेवटी स्वतःच्या जिभेवर. मग उठली आणि तडक दरबारात गेली.

मधोमध उभी राहून तिने अंगावरचे सगळे काटे सळसळवले. डोळे फिरवले. घुमायला लागली.

"अंगात आलं!" कोणीतरी ओरडलं. "भागाबाईच्या अंगात आलं!"

"शास्त्र्या!" भागाबाई गरजली. "मंत्र तुझा खरा! पण कोरड्या पानावर मी बसू कशी? मला आसन कुठंय?"

शास्त्रीबुवा पंख जोडून पुढे आले. "चुकलो, आई! आसन कशाचं हवं?"

"नाचणीचं!"

"केवढं, आई?"

"भाकरीएवढं! दोन्ही वेळा! माणशी एक! आणि वर मोहाच्या चटणीचा नैवेद्य!"

महाराज सिंहासनावरून उतरून पाया पडले. नाकात काटा रुतला, तोही त्यांनी प्रसाद म्हणून ठेवून घेतला. शास्त्रीबुवा तर आनंदाने रडत होते. "मी म्हणतच होतो, मंत्र खरा आहे!"

कोठार उघडलं. जंगल जगलं. प्रजेच्या अंगावर मांस दिसू लागलं, आणि तेही महाराजांना फार आवडलं.

पुढे रान हिरवं झालं. जमिनीखाली कंद माजले. पण उकरायला कोणी जाईना. सगळे भागाबाईच्या बिळापुढे आपापलं अन्न घेऊन रांगेत बसत. तिचा हात लागला की मगच खात. रांग लावायचं काम शास्त्रीबुवांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

एक दिवस भागाबाईने स्वतः एक रसरशीत कंद उकरून आणला आणि टोच्यापुढे ठेवला.

टोच्याने वास घेतला. "आई, यावर मंत्र म्हटलास?"

"अरे, कंद आहे. खा."

"नुसता?" टोच्या मागे सरकला. "नुसतं खाल्लं की बाधा होते."

तिने समजावलं. मग रागावली. शेवटी त्याला जवळ घेऊन हळूच म्हणाली, "बाळा, माझ्या अंगात काही आलं नव्हतं रे. सोंग होतं ते. तू मरत होतास."

टोच्याने तिच्याकडे फार दयेने पाहिलं. "असं बोलू नये, आई. देवी कोपेल."

त्याच्या पोटातून गुरगुर ऐकू येत होती. कंद समोर होता. तो काही हात लावेना.

भागाबाईने बराच वेळ वाट पाहिली. मग तिने काटे सळसळवले, डोळे फिरवले आणि घुमायला लागली. टोच्याने हात जोडले, आणि तेव्हा कुठे कंदाला तोंड लावलं.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. मात्र आधी जेवून घ्यावं. उपाशी असाल तर भाकरी मागू नये, ताईत मागावा; आणि मागताना आकार सांगायला विसरू नये.