भिंतीतल्या काकू

बबनकाका चहा ओतताना किटलीची तोटी आधी कपाच्या काठाला टेकवतात. टक् असा आवाज आला की मगच ओततात. वर म्हणतात, "मापाला गेज लावल्याबिगर काम न्हाई." चाकणच्या एका कारखान्यातल्या टूलरूममध्ये त्यांचं आयुष्य गेलं, तेव्हा हा तिथलाच रोग असं आम्ही थेरगावातले शेजारी समजून होतो.

परवा त्यांनी मला हात धरून घरात ओढलं. टेबलावर एक फिल्म स्कॅनर होता, कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला. शेजारी स्लाइडचा, म्हणजे पारदर्शक फिल्मवरच्या फोटोंचा डबा. पूर्वी मशीन बसवायला आलेल्या एका जर्मन साहेबानं जाताना काकांना दोन भिंगांचा कॅमेरा दिला होता. त्यात एकाच वेळी दोन फोटो निघत, एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्या. दोन्ही एकदम पाहिले की माणूस फोटोतून पुढे येतो म्हणे. मला तर दोन्ही फोटो सारखेच दिसत होते. दोन्हींत काकांच्या सुमनकाकू, भिंतीपुढे उभ्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

"बुरशी धरलीया राव," काका म्हणाले. "औंदाच्या पावसाळ्यात ही पार पुसून जाईल. त्याआधी काम्प्युटरात घ्यायची."

अडचण अशी, की स्कॅनर एकेरी स्लाइड घेतो आणि या होत्या लांबट, जोडफोटोच्या. म्हणून काकांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचं, स्लाइड जागेवर धरणारं फिक्श्चर बनवलं होतं. "आधी डावा घ्यायचा. मग स्लाइड अर्धा फेरा फिरवायची, की उजवा त्याच जागी येतोय, खाली डोकं वर पाय. त्यो काम्प्युटरात सुलटा करायचा. पट्टीच्या कडेला ठेप लागली की थांबायचं. समजलं न्हवं?"

मी शाळेत मराठी शिकवतो. जोरात मान हलवली.

दोन्ही फोटो शेजारीशेजारी मोबाइलवर आले. काकांनी मोबाइल भिंगं लावलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवला आणि माझ्या डोळ्यांना लावला.

"आली का पुढं?"

"काका, भिंत पुढे आलीय. काकू मागे आहेत. भिंतीच्या आत."

"आत? भिंतीत कशाला जाईल ती?"

त्यांनी फिक्श्चर कानशीनं घासलं, पुसलं, पुन्हा स्कॅन केलं. काकू भिंतीतच. पुन्हा घासलं. तरी भिंतीतच. माझं डोकं गरगरायला लागलं. आता माझेच डोळे खोटं बोलतायत की काय, कळेना. शेवटी मी वैतागलो.

"अहो, एकदा तुम्हीच बघा की!"

काका स्टुलावर बसले. "मला न्हाई दिसत. डावा डोळा काचबिंदूनं कवाच गेलाय. ह्येला दोन्ही डोळं लागत्यात."

एका डोळ्याला अंतर कळत नाही; किटलीची टक् मला तेव्हा कळली. फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "डाव्याच्या जागी उजवा तर नाही ना लागला?"

काकांनी कपाळावर हात मारला. "च्यायला! फिरवताना मी फोटोंना डावा-उजवा नावं उलटी दिली."

फोटोंची अदलाबदल झाली. मी खोकं डोळ्यांना लावलं. भिंत मुकाट्यानं मागे गेली आणि काकू पुढे आल्या. हातात भाकरीचा तुकडा, फोटो काढणाऱ्यासमोर धरलेला.

"आली?"

"आल्या, काका."

"हात कुठवर आलाय तिचा?"

मी अंदाजानं माझा हात हवेत पुढे केला. "इथवर."

खोक्यात मला काकूच दिसत होत्या. काका जवळ आल्याचं नुसतं ऐकू आलं. त्यांनी माझ्या बोटांना आधी एक बोट टेकवलं, आणि मगच हात धरला.