झोपू का विचारणारं अस्वल

"मुलांनी टीव्हीचं ऐकायचे दिवस संपले. आता टीव्ही मुलांचं ऐकणार!" दीड वर्ष मास्तर ऑफिसात दिसेल त्याला हे ऐकवत होते. ते मुलांच्या वाहिनीसाठी कार्यक्रम आखायचे. पण चहा कसा ढवळावा हेही समजावून सांगायची खोड, म्हणून नाव पडलं मास्तर.

त्यांचं अस्वल पडद्यावरून प्रश्न विचारायचं आणि मूल सांगेल तेच करायचं. शेवटी विचारायचं, "मी झोपू का?" मूल "हो" म्हणालं की अस्वल झोपणार, भाग संपणार. मुलांच्या आधी आयाच उत्तरं देतात, म्हणून मोठ्यांचं अस्वलाने ऐकायचंच नाही, अशी सोयही मास्तरांनी करून ठेवली होती.

चाचणीच्या दुपारी गालिच्यावर सहा मुलं बसली. त्यांत मास्तरांची चार वर्षांची लेक. काचेमागे वाहिनीच्या प्रमुख बाई, हातात मंजुरीचा कागद. सही झाली तर सव्वीस भाग, नाहीतर दीड वर्ष पाण्यात! आणि शेवट पाहिल्याशिवाय बाई सही करत नसत.

"मला चारला निघायचंय हं, मास्तर."

"अहो बाई, अकरा मिनिटांचा तर खेळ!"

अकराव्या मिनिटाला अस्वलाने जांभई दिली. "मी झोपू का?"

झोपेच्या बाबतीत आपलं मत कोणी विचारतंय, हे लेकीच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ती उभी राहिली.

"नाही!"

"बरं!" अस्वलाने कोलांटी मारली. "आता झोपू का?"

"नाहीऽऽ!" आता सहाही जण.

चाळीस कोलांट्या झाल्या. पावणेचार वाजले. मास्तर आत धावले. "अगं, हो म्हण ना! अस्वल दमलंय."

"दमलं नाहीये. त्यालाच विचार."

मास्तर पडद्यासमोर गुडघे टेकून म्हणाले, "झोप रे बाबा!"

"मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही!" अस्वल म्हणालं.

मग बाई स्वतः आत आल्या. ज्या आवाजाला अख्खी इमारत टरकून असायची, त्या आवाजात म्हणाल्या, "झोप!"

"मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही!"

"हे वाक्य कोणी लिहिलं?" बाईंनी विचारलं. मास्तर बुटांची लेस बांधू लागले. बुटांना लेस नव्हती.

चारला पाच कमी. मास्तरांनी लेकीपुढे हात जोडले. "तुला काय हवंय ते सांग!"

लेकीने विचार केला. "आधी तू झोप."

मास्तर गालिच्यावर आडवे झाले.

"ती आजीपण."

"आजी?" बाई म्हणाल्या. मग घड्याळाकडे पाहिलं, चप्पल काढली आणि मास्तरांशेजारी आडव्या झाल्या.

"डोळे मिट."

"मग मी शेवट कसा बघू?"

लेकीने मोठ्या मनाने तोड काढली. "एकच मिट."

"मी झोपू का?" अस्वलाने एक्केचाळिसाव्यांदा विचारलं.

"हो!"

अस्वल घोरलं, पडद्यावर नावं सरकली. बाईंनी एका डोळ्याने शेवट पाहिला, उठल्या, साडी झटकली आणि कागदावर सही केली. मास्तरांना आनंदाने रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात सहीखालची ओळ दिसली: 'सव्वीस भाग मंजूर. अस्वलाने कोणालाही काहीही विचारू नये.'

"बाई, मग अस्वल करणार काय?"

"नुसतं दिसेल," चप्पल शोधत बाई म्हणाल्या. "टीव्हीवर बाकीचे काय करतात?"